वाघजाईच्या धरणावरची बोट

"बोटीत बसायचं नाही," आई म्हणाली.

एसटी आम्हाला वाघजाईच्या धरणापाशी सोडून पुढं गेली होती. अण्णा आणि हौसाआत्या रस्ता ओलांडून फाटकाकडं निघाले होते. माझ्या पदराची पिन नीट करायचं निमित्त करून आईनं मला चहाच्या टपरीआड थांबवून घेतलं होतं.

"कठड्यावरून वाकायचं नाही. पायऱ्या उतरताना माझा हात सोडायचा नाही. कळलं?"

"आणि त्यांनी का म्हणून विचारलं तर?"

"पाण्याची भीती वाटते म्हणायचं. कुणी खोदून विचारत नाही."

एकोणीसशे सत्त्याण्णवचा सप्टेंबर होता, रविवार. मी तेवीस वर्षांची होते, बी. ए. होऊन गावातल्या बालवाडीत शिकवत होते. आणि त्या दिवशी मला धरणावर बघायला येणार होते.

आमच्याकडं मुलगी घरीच दाखवायची पद्धत. पण धरणावर भेटायचं आईनं ठरवलं होतं. आत्याला तिनं सांगितलं, "वन्सं, आमचं घर दोन खोल्यांचं. माणसं बसवायची कुठं? धरणावर बगीचा आहे, झाडाखाली सतरंजी टाकू, डबे नेऊ. मोकळं वाटेल." आत्याला ते पटलं. मुलाकडच्यांनाही आवडलं, कारण धरण भरून दोन दरवाजे उघडल्याचं पेपरात आलं होतं आणि त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

खरं कारण आई, अण्णा आणि मी, तिघांनाच ठाऊक होतं. घरी पाहुणे आले की शेजारच्या बायका डोकावतात, आणि त्यातल्या एकीनं मला एकदा ओट्यावर पडलेली पाहिलं होतं.

मला फिट यायची. पहिली आली ती बाराव्या वर्षी, न्हाणीघरात. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आई मला मिरजेला डॉक्टरांकडं न्यायची आणि गावात सांगायची, मामाकडं चाललोय. गोळ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डबीखाली असत. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'तसं झालं' असं म्हणायचो आम्ही. मागच्या वर्षी जुलैत तसं झालं होतं, त्यानंतर चौदा महिने काही नाही. डॉक्टर आईला दर खेपेला सांगायचे, "लग्न होईल, मुलंबाळं होतील, सगळं होईल. फक्त सांगून करा." आई मान डोलवायची आणि बाहेर आल्यावर म्हणायची, "त्यांना काय जातंय सांगायला."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. झोप चुकवायची नाही. आदल्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि ते मी आईला सांगितलं नव्हतं.

*

सगळा तालुका त्या दिवशी धरणावर लोटला होता. ट्रॅक्स, टेम्पो, एका मोटरसायकलवर चौघं चौघं. बगीच्यात सिमेंटच्या हरणांवर पोरं बसली होती आणि फोटोवाला त्यांच्या आयांना शोधत फिरत होता. भिंतीच्या पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. बोलायचं तर जरा मोठ्यानंच बोलावं लागत होतं.

खबाले मायलेक आमच्या आधीच येऊन बसले होते. मुलगा अविनाश, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. उंच, थोडा वाकून चालणारा. वडील नव्हते. आई प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका. बाईंनी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "मला स्पष्ट बोलायची सवय आहे, राग मानू नका. हुंडा नको, मानपान नको. मुलगी शिकलेली, निरोगी आणि हसतमुख हवी. बस."

"वैजू आमची तशीच आहे," आत्या म्हणाली. आत्याला काहीच माहीत नव्हतं. सख्ख्या नणंदेलाही आईनं अकरा वर्षं पत्ता लागू दिला नव्हता.

अण्णांनी खाली बघितलं. ते वीज मंडळात वायरमन होते. खांबावर चढायला न भिणारा माणूस, पण खोटं बोलायची वेळ आली की नजर पायाकडं जायची.

जेवणं झाली. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, दही. मग सगळे भिंतीवर गेलो. एका बाजूला भरलेलं, शांत, मातकट पाणी, आणि दुसऱ्या बाजूला दोन दरवाज्यांतून खाली कोसळणारं पांढरं पाणी. तुषार वरपर्यंत येत होते. लोक कठड्याला चिकटून उभे होते. मी मधून चालत होते, आईचा हात धरून.

"कठड्यापाशी येत नाही?" अविनाशनं विचारलं.

"पाण्याची भीती वाटते," मी म्हणाले.

"मग मीपण मधूनच चालतो," तो म्हणाला, आणि खरंच रस्त्याच्या मधून चालू लागला. पुढं म्हणाला, "आमच्या कारखान्यात माझं काम काय आहे माहितेय? दिवसभर रस चाखायचा नाही, फक्त मोजायचा. पोरं मला विचारतात, किती गोड असतो रे? मी सांगतो, अमुक टक्के."

मी हसले. आईनं माझा हात किंचित दाबला. हसणं तिला आवडलं होतं.

बोटिंगचा धक्का दरवाज्यांपासून लांब, दुसऱ्या टोकाला होता. दहा माणसांची मोटरबोट लोकांना घेऊन मधल्या टेकाडाला वळसा घालून आणायची. आम्ही तिथं पोचलो तेव्हा रांग लहान होती. आई अण्णांबरोबर पाण्याचा कॅन भरायला नळावर गेली होती. ती तेवढीच पाच मिनिटं माझ्यापासून लांब होती.

"दोघं जाऊन या बोटीतून," खबालेबाई म्हणाल्या. "आमच्यासमोर काय बोलणार तुम्ही?"

"जा गं वैजू," आत्या म्हणाली.

मी ठरलेलं वाक्य म्हणाले. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. "आमचं घर नदीकाठी आहे. मग तिथं कसं व्हायचं?"

पण अविनाश म्हणाला, "राहू दे आई. नको वाटतं तर नको. आपण तिथं पायरीवर बसून बोलू."

त्यानं आग्रह केला असता तर मी गेले नसते. मी मागं सरले असते, आईची वाट पाहिली असती. पण तो चटकन माझ्या बाजूनं झाला आणि माझ्या मनात आलं, या माणसाला खोटं सांगून याच्याच घरात जायचंय. आयुष्यभर याच्या समोर गोळी लपवून घ्यायची. मला वाटलं, बोटीत कुणी आपलं माणूस नसेल. वीस मिनिटं मिळतील. तिथं सांगून टाकावं.

खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. मला बोटीत बसायचं होतं. विहिरीवर नको, नदीवर नको, जत्रेतल्या पाळण्यात नको, सहलीला नको. अकरा वर्षांत मी पाण्याच्या इतकी जवळ कधी आले नव्हते.

"बसू या," मी म्हणाले.

*

बोटीत एक नवं जोडपं होतं आणि तीन लहान मुलांसह एक कुटुंब. जॅकेटं तीनच होती, ती मुलांना दिली. आम्हाला कडेची फळी मिळाली. बोटवाल्यानं दोर सोडला, काठीनं धक्क्याला रेटा दिला, आणि मोटर चालू झाली.

पाणी अगदी हाताशी होतं. वारा गार होता. मला इतकं बरं वाटत होतं की मी काय सांगायला आले होते ते क्षणभर विसरले.

"आता भीती वाटते?" अविनाशनं विचारलं.

"नाही. मला भीती वाटतच नाही पाण्याची."

"मग मघाशी?"

"तेच सांगायचंय. मला तुम्हाला एक..."

आणि माझ्या तोंडात चव आली. कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवलेलं ताक कळकतं, तशी चव. फिट यायच्या आधी मला ही चव यायची. कधी ती यायची आणि नुसतीच निघून जायची. कधी तिच्यामागून अर्ध्या मिनिटात सगळं अंधारून जायचं आणि मी जमिनीवर जागी व्हायचे. इथं खाली जमीन नव्हती. मी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काय झालं?" अविनाश म्हणाला.

नुसती भीती होती की चव खरी होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली. आई होती. पाण्याचा कॅन टाकून ती उतारावरून धावत येत होती. मी तिला तशी धावताना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ती थांबली नाही, तशीच पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत.

"बोट वळवा," ती ओरडली. "ओ बोटवाले, बोट वळवा."

बोटवाल्यानं हात हलवला. वीस मिनिटांत येतो, असं त्याला सांगायचं होतं.

"माझ्या मुलीला फिट येते," आई म्हणाली. "ऐकू येतंय का? तिला फिट येते. पाण्यात पडेल ती. फिट येते तिला."

बोटीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. धक्क्यावरची रांग, पायऱ्यांवर कणसं खात बसलेली माणसं, खबालेबाई, आत्या, सगळ्यांनी ते ऐकलं. आमच्या घरात, दारं लावूनही, जो शब्द कधी कुणी बोललं नव्हतं, तो पाण्यावरून स्पष्ट आला.

मोटरचा आवाज खाली आला. बोट वळू लागली.

अविनाश उठला, माझ्या दंडाला धरून त्यानं मला कडेवरून उठवलं आणि मधे, खाली तळात बसवलं. स्वतः कडेच्या बाजूला बसला. त्यानं हात सोडला नाही.

"आत्ता येतेय का?"

"माहीत नाही. तोंडात चव आलीय."

"आली तर काय करू?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला घराबाहेरच्या कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "कुशीवर करा. तोंडात काही घालू नका."

"बरं."

समोरच्या बाईंनी आपल्या मुलांचे पाय बाजूला घेतले, मला जागा व्हावी म्हणून. मला वाटलं होतं, त्या मुलांना माझ्यापासून ओढून घेतील. पण त्यांनी पदर सोडून माझ्या डोक्यावर धरला, ऊन लागत होतं म्हणून.

"हेच सांगणार होता?" अविनाशनं हळूच विचारलं.

मी मान हलवली.

फिट आली नाही. बोट धक्क्याला लागेपर्यंत चव ओसरली होती. आईनं मला उतरवून घेतलं, पण खरं तर मीच तिला धरलं होतं. आम्ही दोघी पायरीवर बसलो. तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती.

खबालेबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून आहे हे?"

"बाराव्या वर्षापासून," आई म्हणाली.

"आणि तुम्ही आम्हाला सांगणार नव्हता."

"नव्हते सांगणार."

अण्णा काही तरी बोलायला पुढं झाले. आईनं हातानं त्यांना थांबवलं.

"म्हणजे आम्हाला फसवणार होता."

"हो," आई म्हणाली. "लग्न झालं की मग काय ते बघू, असं ठरवलं होतं मी. एकटीनं. हिचं किंवा ह्यांचं त्यात काही नाही."

बाईंना बहुधा रडारड अपेक्षित होती, नाहीतर सारवासारव. सरळ उत्तर आल्यावर त्या जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "मग आता का ओरडलात? एवढ्या माणसांत?"

"पोरगी पाण्यात होती," आई म्हणाली.

बाईंनी पिशवीतली आपली पाण्याची बाटली काढून आईपुढं धरली. आईनं ती घेतली, प्याली, परत दिली. मग मायलेक निघाले. जाताना अविनाश माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काळजी घ्या." तेवढंच. आत्याही त्यांच्याच ट्रॅक्समधून गेली. जाताना ती आईला म्हणाली, "मलासुद्धा नाही सांगितलंस. मी काय परकी होते?" तिचे डोळे भरले होते.

*

आमची एसटी साडेपाचला होती आणि आता कुठं तीन वाजले होते. आम्ही तिघं तिथंच पायरीवर बसून राहिलो. मला वाटत होतं, आता आई रडेल, नाहीतर मला बोलेल. बोटीत का बसलीस, म्हणेल. मला बोलायला तिला पुरेपूर कारण होतं.

कणसं भाजणारी बाई आपली शेगडी घेऊन आमच्या शेजारी सरकली. पन्नाशीची, नाकात मोठी चमकी. तिनं बराच वेळ आमच्याकडं बघितलं आणि न राहवून विचारलं, "मगाशी काय झालं वो? वराडलासा ते?"

अण्णा एकदम ताठ झाले. मीही. आईनं तिच्याकडं पाहिलं.

"मुलीला फिट येते माझ्या," ती म्हणाली. "आणि ती बोटीत बसली होती."

ताप आलाय म्हणून सांगावं, तसं ती सांगत होती.

"आत्ता गं," बाई म्हणाली. "माझ्या धाकट्या दिराला येती की. गोळी चालू हाय नव्हं?"

"चालू आहे."

"चुकवू नगासा. त्यानं दोन दिस गोळी घेतली नाय, आन् चुलीवरच पडला." तिनं कणसावर लिंबू फिरवलं. "आता मेस्त्री हाय तो. दोन पोरं हायती. खालीच काम करतो, वर माळ्यावर चढत नाय, येवढंच."

"खालीच काम करतो," आई म्हणाली, जणू तिला हे लक्षात ठेवायचं होतं. "आणि कुठल्या डॉक्टरांचं औषध आहे त्याला?"

मग दोघी बोलत बसल्या. कुठला डॉक्टर, कुठली गोळी, सकाळी किती, रात्री किती. आईनं तिला माझी पहिली फिट सांगितली, न्हाणीघरातली. ओट्यावरची सांगितली. मागच्या जुलैतली सांगितली. मी काही गोष्टी पहिल्यांदा ऐकत होते. पहिल्या वेळी आईला मी मेलेच असं वाटलं होतं, आणि ती शेजारी कुणाला हाक मारू शकली नव्हती, कारण हाक मारावी की न मारावी हेच तिला ठरवता येईना. ही गोष्ट तिनं अकरा वर्षांनी, धरणाच्या पायरीवर, एका अनोळखी बाईला सांगितली. अण्णा पाठमोरे होऊन पाण्याकडं बघत ऐकत होते.

बाईनं आम्हाला तीन कणसं दिली. तिखट जरा जास्तच लागलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आईच्याही, आणि आम्ही एकमेकींकडं बघून हसायला लागलो. अण्णांनी वळून विचारलं, "काय झालं?" तर आणखीच हसू आलं.

मग अण्णा म्हणाले, "एवढं लांब आलोय तर धरण तरी नीट बघून घेऊ." आम्ही परत भिंतीवर गेलो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. दरवाज्यांच्या वर आल्यावर मी कठड्यापाशी गेले. आई मागं उभी राहिली, माझ्या कमरेभोवती तिनं दोन्ही हात घट्ट घातले आणि म्हणाली, "हं. बघ आता. किती बघायचं तेवढं बघ."

मी वाकून बघितलं. खाली पाणी पडत होतं आणि त्याच्या तुषारांनी आम्हा दोघींचे चेहरे भिजले. खूप वेळ बघितलं.

*

खबाल्यांचा नकार आठवड्यात आला. पत्र बाईंचं होतं, सरळ आणि सभ्य. त्यांनी कारण लिहिलं होतं, पण ते गावात कुणाला सांगितलं नाही, असं पुढं कळलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. अविनाशविषयी बरेच दिवस वाटत राहिलं. पण पत्र वाचून आईनं ते घडी करून देवळीत ठेवलं, आणि संध्याकाळी बालवाडीच्या मुख्य बाईंकडं जाऊन त्यांनाही माझ्या आजाराचं सांगून आली. मला वाटलं, नोकरी जाईल. बाईंनी फक्त पोरांना विहिरीकडच्या रस्त्यानं नेण्याची माझी पाळी दुसऱ्या बाईंना दिली.

आत्या सहा महिने आमच्याकडं फिरकली नाही. मग एका दुपारी आली, आईशी भांडून घेतलं, जेवली आणि राहिली.

चार वर्षांनी तिनंच दुसरं स्थळ आणलं. या वेळी माणसं घरी आली, आमच्या दोन खोल्यांत. मुलगा हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक होता, बरोबर त्याचे आईवडील. मी चहा घेऊन आत आले. त्यांनी कप हातात घेतले, आणि कुणी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "आधी एक सांगते. पोरीला फिट येते. गोळी चालू आहे, तीन वर्षांत आलेली नाही, पण येऊ शकते. हे ऐकून तुम्ही उठलात तरी आम्हाला राग नाही. चहा मात्र घेऊन जा."

मुलाच्या वडिलांनी कप बशीत ठेवला. ते धोतर नेसलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बायकोकडं बघितलं, मग मुलाकडं. मुलानं होकारार्थी मान हलवली.

"असं आहे होय," ते म्हणाले. "मग फिट आली तर आम्ही काय करायचं असतं, तेवढं नीट सांगून ठेवा."

आई त्यांच्यासमोर सतरंजीवर बसली आणि सांगायला लागली. कुशीवर कसं वळवायचं, डोक्याखाली काय ठेवायचं, चप्पल हुंगवायची नाही, दात उघडायचे नाहीत, किती वेळ झाला ते घड्याळात बघायचं, आणि जागी झाल्यावर तिला ओरडायचं नाही, ती आधीच घाबरलेली असते. बराच वेळ ती सांगत होती. मुलाच्या आईनं मधे दोनदा विचारून खात्री करून घेतली.